गलोंड्याच्या टाकीचा आकडा

वाल्मिक बोरसेंबद्दल सध्या सिल्वासात जो तो तोंडाला येईल ते बोलतो. किलवणी नाक्यावरच्या चहाच्या टपरीवर बोलतात, कारखान्यांच्या गेटवर बोलतात, आणि ज्यांना राउटर म्हणजे काय हे माहीत नाही ते तर सगळ्यात जास्त बोलतात. मी त्या माणसाच्या शेजारच्या खुर्चीवर सात वर्षं बसले आहे. तेव्हा आता मी बोलते, बाकीच्यांनी जरा गप्प बसावं.

मी रोहिणी सावंत. वडील कुडाळचे, इथल्या मराठी शाळेत मास्तर म्हणून आले आणि इथेच निवृत्त झाले. त्यामुळे माझी मराठी कोकणातली, भांडण गुजरातीत आणि ऑफिसचं काम हिंदीत. आमचं ऑफिस म्हणजे आमलीतल्या एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावरची मोठी खोली. भिंतीवर एक भलामोठा पडदा. त्या पडद्यावर एक्केचाळीस चौकटी, म्हणजे एक्केचाळीस कारखाने. कुठल्या कारखान्याच्या बॉयलरचा दाब किती, कुठल्या सांडपाण्याच्या टाकीवर विषारी वायू किती, हे सगळं तिथे आकड्यांत दिसतं. ठीक असेल तर हिरवं, बिघडलं तर लाल. त्या पडद्यासमोर बसून आकडे बघायचे आणि फोन उचलायचा, हे माझं काम. आणि ते आकडे कारखान्यातून माझ्यापर्यंत नीट पोचवायचे, हे वाल्मिकभाऊंचं.

भाऊ पारोळा तालुक्यातले. आयटीआय करून वीस वर्षांपूर्वी इकडे आले, धाग्याच्या कारखान्यात फिटर म्हणून लागले. बारा तास त्या मशीनच्या आवाजात उभं राहून डावा कान अधू झाला, म्हणून आजही त्यांच्याशी बोलायचं तर उजव्या बाजूला बसावं लागतं. कॉम्प्युटरचं त्यांना कुणी शिकवलं नाही. भंगारवाल्याकडून एक मेलेला राउटर आणला, तो उघडला, जोडला, परत उघडला. त्यांची बायको कावेरी मला सांगायची, की लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला आमच्या घरात आकाशकंदील नव्हता, पण चार राउटर लुकलुकत होते. भावेशभाईंनी, म्हणजे आमच्या शेठनी, त्यांना त्या कारखान्यातून उचलून आणलं, आणि खरं सांगायचं तर शेठच्या धंद्याला जे बरे दिवस आले ते त्यानंतर.

आता जरा कंटाळवाणं सांगते, पण हे कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही. आमच्याकडे सुरुवातीपासून एक रीत आहे. कुठल्याही कारखान्यात पॅनेल बसवायचं तर आतल्या यंत्रांना नंबर तेच. बॉयलर पन्नास, कॉम्प्रेसर एक्कावन्न, टाकीवरचं वायूचं यंत्र साठ. सायली गावात साठ, रांध्यात साठ, गलोंड्यातही साठ. कुठल्याही फिटरला कुठेही पाठवलं तरी त्याला पाठ असावं, म्हणून शेठनी ही रीत पाडली आणि भाऊंनी ती चोख पाळली. पण एकाच पडद्यावरून सगळे कारखाने बघायचे ठरलं तेव्हा पंचाईत झाली. प्रत्येक चाळीत एक नंबरची खोली असतेच, पोस्टमनला चाळीचं नाव लागतं, तसंच हे. मग भाऊंनी प्रत्येक कारखान्याला एक वरचा नंबर दिला. गलोंड्याच्या डाय हाउसला, म्हणजे कापड रंगवायच्या कारखान्याला, एकवीस, सायलीच्या एका शेडला चौतीस. कारखान्यात एक डबा बसवला, त्याच्या पोटात तो वरचा नंबर लिहिला. पडदा विचारतो, एकवीसचा साठ किती? गलोंड्याचा डबा म्हणतो, एकवीस म्हणजे मीच, आणि आतल्या साठला विचारून उत्तर पाठवतो. आतलं काय आहे ते बाहेरून कुणालाच दिसत नाही. डबा जे सांगेल ते खरं.

आणि कुठल्या डब्यात कुठला नंबर, याचा हिशेब भाऊंच्या लाल रजिस्टरमध्ये. कॉम्प्युटरच्या माणसाने वहीत लिहावं याची आम्ही फार थट्टा करायचो. मी तर म्हणायचे, "भाऊ, दसऱ्याला याला हळदकुंकू वाहा." ते हसायचे आणि म्हणायचे, "ताई, कॉम्प्युटर बंद पडतो, वही नाही पडत." सुवाच्य अक्षर, रेघा पट्टीने मारलेल्या. बाहेर साइटवर असले की ते डाव्या तळहातावर बॉलपेनने लिहायचे आणि संध्याकाळी येऊन वहीत उतरवायचे. सात वर्षांत मी त्यांची एक नोंद चुकलेली बघितली नव्हती.

एप्रिलच्या शेवटी गलोंड्याच्या डाय हाउसमध्ये लाइनीत काहीतरी झालं, जास्तीचा व्होल्टेज आला आणि आमचा डबा जळाला. चौकट काळी पडली. तिथला सुपरवायझर तुषार फोनवर माझ्या जिवावर उठला. त्यांच्याकडे नियम असा, की सांडपाण्याच्या टाकीत माणूस उतरवायचा असेल तर आधी आम्हाला फोन करून वायूचा आकडा विचारायचा. आकडा दहाच्या आत तरच माणूस आत. टाकीजवळ भोंगा होता, पण जरा वायू वाढला की तो बोंबलायचा आणि काम थांबायचं, म्हणून त्यांनी त्याची वायर केव्हाच काढून ठेवली होती. म्हणजे सगळी भिस्त आमच्या फोनवर.

आमच्याकडे नवा डबा नव्हता. शेठ म्हणाले, "पेलो सायलीवाळो डब्बो पड्यो छे ने, ए लगाडी दे ने." सायलीची ती शेड तेव्हा बंद पडली होती, तिचा डबा कपाटात होता, पोटात चौतीस नंबर तसाच. तो पुसून एकवीस करायला अर्धा तास लागला असता. तुषार तिकडे डोक्यावर उभा. भाऊंनी डबा तसाच बसवला आणि आपल्या लॅपटॉपवरून पडद्याला सांगितलं, की गलोंड्याच्या चौकटीसाठी आता चौतीसला विचार. चौकट हिरवी झाली. भाऊंनी तळहातावर लिहिलं: गलोंडा, चौतीस.

जळक्या डब्याची काजळी त्यांच्या हातांना कोपरापर्यंत लागली होती. गेटजवळच्या नळावर त्यांनी साबणाने हात धुतले. बस, एवढंच झालं. माणूस हात धुतो, यात काय आहे? पण तळहात कोरा झाला आणि वहीतली ती ओळ राहिली ती राहिलीच.

मे महिन्यात सायलीची शेड नव्या मालकाने घेतली. आमच्या अभिजीतला तिकडे पाठवलं. अभिजीत शिस्तीचा मुलगा, त्याने आधी लाल रजिस्टर उघडलं. सायली, चौतीस, सध्या बंद. त्याने कोऱ्या नव्या डब्यात चौतीस भरला आणि बसवून आला. त्याची काडीचीही चूक नाही, हे मी शपथेवर सांगितलंय आणि परत सांगेन.

आता एकाच नंबरचे दोन डबे झाले. आमच्या यंत्रणेत जो नंतर येईल त्याला जागा मिळते, आणि गलोंड्याचा डबा जुना, एकदा बाहेर ढकलला की गप्पच बसणारा. तेव्हा पडद्यावर गलोंड्याच्या चौकटीत सायलीच्या टाकीचा आकडा यायला लागला. चौकट काळी झाली असती तरी आम्ही धावलो असतो. ती हिरवी होती. सायलीची शेड नुकतीच सुरू झालेली, टाकीत जवळजवळ स्वच्छ पाणी. आकडा दोन, कधी अडीच, कधी पावणेदोन. अकरा दिवस मी तो आकडा बघत होते आणि माझ्या मनाला शंका शिवली नाही. उलट मला वाटलं, बरं झालं, या लोकांनी टाकी साफ ठेवायला सुरुवात केली.

मंगळवारी सकाळी साडेदहाला तुषारचा फोन आला. "रोहिणीबेन, गलोंडा, टाकी?"

मी पडद्याकडे बघितलं आणि म्हणाले, "दोन. हिरवं."

भिका टाकीत उतरला. रांध्याचा, चाळीसच्या आतबाहेरचा, कंत्राटदाराकडून कामाला होता. तळाचा गाळ ढवळला की वायू एकदम वर येतो, आणि तो त्या दिवशी आला. भिका शिडीवरून परत चढायला लागला होता म्हणे, तिसऱ्या पायरीवरून पडला. त्याच्यामागे उतरायला निघालेल्या दुसऱ्या माणसाला लोकांनी कमरेला धरून मागे ओढलं, नाहीतर दोघं गेले असते. दवाखान्यात नेईपर्यंत भिका संपला होता. अकरा वाजता तुषारने मला पुन्हा फोन केला. तेव्हाही चौकटीत दोनच होता. मी तो आकडा बघत ऐकत होते आणि मला वाटलं, हा माणूस काय बोलतोय?

दुसऱ्या दिवशी कारखाना निरीक्षकांचा फोन आला. त्यांनी सभ्यपणे विचारलं, मी सभ्यपणे सांगितलं. आकडा दोन होता, साहेब. रेकॉर्ड आहे. भावेशभाईंनी रेकॉर्ड छापून पाठवला. झालं. कारखान्याने आपल्या कागदात लिहिलं, की हवा स्वच्छ होती, कामगार दारूच्या नशेत होता, तोल जाऊन पडला. पोस्टमॉर्टेमचे नमुने तपासायला बाहेरगावी गेलेत, अहवाल कधी येईल ते देव जाणे. पण आदिवासी माणूस मेला म्हटल्यावर तो प्यायलेलाच असणार, हे यांना अहवालाआधीच कळतं. मेल्यांची जीभ कशी झडत नाही कोण जाणे. आणि मला ओरडायलाही तोंड नव्हतं, कारण त्यांच्या कागदाखाली आधार होता तो माझ्याच आकड्याचा.

शुक्रवारी चिमाबाई आमच्या ऑफिसात आली. भिकाची बायको. सोबत तिचा दीर. दोन जिने चढून आली आणि दारातच उभी राहिली, आत ये म्हटलं तरी येईना. तिने विचारलं, "फोनवर बोलतात त्या तुम्हीच का?"

मी हो म्हणाले.

"तो पीत नव्हता, बाई. दोन वर्सांमागं कावीळ झाली तवापासून थेंब नाय घेतला. लग्नात नाय, सणाला नाय. सगळा पाडा हसायचा त्याला. आता तेच लोक विचारतात, काय गं, चोरून प्यायचा का? मी काय सांगू? कागदावर लिवलंय, हवा चांगली व्हती. मला तुम्ही एवढंच सांगा, हवा चांगली व्हती का?"

"आमच्याकडे तसंच दिसतंय," मी म्हणाले. आजही ते वाक्य आठवलं की मला स्वतःची शिसारी येते.

वाल्मिकभाऊ माझ्या मागे उभे होते. तिचा प्रत्येक शब्द त्यांनी ऐकला, चांगला कान तिच्याकडे होता. ती गेली आणि ते खुर्चीत बसले, जेवायला उठले नाहीत. कावेरीने दिलेला जेवणाचा डबा तसाच राहिला. तीन वाजता त्यांनी मला हाक मारली. त्यांच्या स्क्रीनवर दोन रांगा होत्या. एकीत गलोंड्याचे आकडे, दुसरीत सायलीचे. मागच्या दोन आठवड्यांतले, दर पाच मिनिटांचे. २.१, २.३, १.९. दुसऱ्या रांगेत २.१, २.३, १.९. मी खाली खाली सरकवत गेले. दशांशसुद्धा चुकत नव्हता. दोन वेगळ्या गावांतल्या दोन टाक्या, एकीत रंगाचं सांडपाणी, दुसरी जवळजवळ कोरी, आणि आकडे जुळे.

मी त्यांच्याकडे बघितलं. चेहरा पांढराफटक पडला होता. ते एरवी माझ्याशी शहरी मराठी बोलायचे, तेव्हा मात्र गावची भाषा आली. "मनी चूक शे, ताई," माझी चूक आहे, एवढंच म्हणाले. मग तळहात माझ्यासमोर धरला, जणू त्यावर अजून काही लिहिलेलं मला दिसणार होतं.

मला भीती वाटली. त्यांच्यासाठी नव्हे, आधी माझ्यासाठी. मी "दोन, हिरवं" म्हणाले होते, आणि ते दोन गलोंड्याचे नव्हतेच.

भाऊंचं डोकं मात्र चालू होतं. पडद्यावरचा रेकॉर्ड सायलीचा, पण टाकीवरचं यंत्र स्वतःच्या पोटातही आकडे साठवतं, महिनाभराचे. ते थेट यंत्राला लॅपटॉप लावून काढता येतात. तिथे खरा आकडा होता. आणि तुषारने सकाळीच कळवलं होतं, की उद्या ते यंत्र सर्व्हिसला काढणार आहेत. सर्व्हिसला गेलं की पोट पुसलं जातं. कारखान्याला हे माहीत होतं की नाही, ते मी सांगू शकत नाही. मला माहीत होतं, भाऊंनाही माहीत होतं.

ते लगेच निघाले. गेटवरचा वॉचमन ओळखीचा, भाऊंना कोण अडवणार? साडेचारला शेठनी विचारलं, "वाल्मिक क्यां गयो?" मी म्हणाले, रांध्याचं पॅनेल बघायला. सात वर्षांत शेठशी बोललेलं माझं पहिलं खोटं. सहाच्या आत भाऊ परत आले. कागदावर आकडे होते. मंगळवार, साडेदहा: सेहेचाळीस. दहा पन्नास: तीनशे बारा.

शेठना दाखवलं तेव्हा त्यांनी कागद दोनदा वाचला. मग त्यांनी दार लावलं. भावेशभाई राक्षस नाहीत, हे मला सांगायलाच हवं. लोकांना तसं ऐकायला आवडेल, पण नाहीत. भाऊंच्या मुलीला कॉलेजात प्रवेश त्यांनीच मिळवून दिला होता. ते हात जोडून म्हणाले, "वाल्मिक, एक्केचाळीस कारखाने आहेत. हे बाहेर गेलं तर उद्या एकही राहणार नाही. तीस माणसं घरी बसतील. जे गयो ते तो गयो, आता परत येणार आहे का?"

भाऊ म्हणाले, "शेठ, ती बाई म्हणते तो पीत नव्हता."

"तो शुं?"

"तर तो पीत नव्हता, असं लिहिलं पाहिजे ना."

त्यावर शेठ चिडले. माणूस मूर्ख आहे, जेलमध्ये जाईल, आणि गेला तर मी वकील देणार नाही, असं सगळं बोलले.

शनिवारी सकाळी मला कावेरीचा फोन आला. रडत नव्हती, चिडली होती. "ताई, तुमचं ऐकतात ते. त्यांना सांगा, पोरगी बारावीला आहे. कुणीतरी गप्प बसल्याने जग बुडत नाही." आणि मी सांगितलं, हो, लाज वाटते पण सांगितलं. मी भाऊंना म्हणाले, थोडे दिवस थांबू, अहवाल येऊ दे, अहवालात दारू नाही आली की आपोआप तिचं काम होईल, मग तुम्ही कशाला मरता? मला वाटत होतं मी त्यांच्या भल्याचं बोलतेय. खरं म्हणजे भाऊंनी तोंड उघडलं की पुढचं नाव माझंच येणार, हे मला दिसत होतं.

भाऊ म्हणाले, "अहवाल यायला सहा महिने. सहा महिने ती बाई काय ऐकणार, ते तुम्ही ऐकलं ना शुक्रवारी?"

सोमवारी ते एकटेच निरीक्षकांकडे गेले. दोन्ही रांगा, यंत्राच्या पोटातले आकडे, लाल रजिस्टर, सगळं टेबलावर ठेवलं. जबाबात त्यांनी लिहून दिलं, की डबा मी बदलला, नोंद मी केली नाही. शेठनी तसाच बसवायला सांगितला, हे त्यांनी लिहिलंच नाही. नंतर मी विचारलं तर म्हणाले, "बसवला तर मीच ना." मी बुधवारी जबाब द्यायला गेले. दोन दिवस मला ताप आला होता, असं मी घरी सांगितलं. ताप वगैरे काही नव्हता.

भिकाच्या कागदावरचं दारूचं वाक्य खोडलं गेलं. त्याऐवजी आलं, देखरेख यंत्रणेतील तंत्रज्ञाच्या हलगर्जीपणामुळे. कारखाना म्हणाला, आम्ही तर नियमाप्रमाणे फोन केला होता. तेही खरंच. भोंग्याच्या वायरीची चौकशी अजून चालू आहे. भाऊंवर गुन्हा दाखल झाला, तीन दिवसांनी जामीन मिळाला. शेठनी त्यांना गुन्हा दाखल झाला त्याच दिवशी कामावरून काढलं, आणि सगळ्या एक्केचाळीस ठिकाणी पत्र गेलं, की दोषी कर्मचाऱ्याला दूर केलं आहे. एकही कारखाना आमच्या हातून सुटला नाही. आतले नंबर अजून तेच आहेत. टाकी साठ, सगळीकडे साठ. मी अजून त्याच पडद्यासमोर बसते, कारण मला दुसरीकडे कोण घेणार? तुषारचा फोन आला की आधी अभिजीतला उठवून डब्याचा नंबर तपासायला लावते, तो तपासतो, मग मी आकडा सांगते.

जूनमध्ये एका रविवारी भाऊ म्हणाले, मला रांध्याला जायचंय, तुम्ही येता का? त्यांना एकट्याने जायचं धाडस होत नव्हतं. माझ्या स्कूटरवरून गेलो. चिमाबाईचं घर पाड्याच्या टोकाला. तिने अंगणात बाज टाकली, पाणी दिलं. दारूचं वाक्य खोडल्याचा कागद तिच्याकडे आला होता, दिराने पाड्यातल्या सगळ्यांना वाचून दाखवला होता. मला वाटलं, निदान एवढं तरी झालं. ती दोन शब्द बरे बोलेल, भाऊंना जरा श्वास घेता येईल. त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, "माझ्यामुळे झालं. तुम्ही काय म्हणाल ते मी ऐकून घेईन."

चिमाबाईने त्यांच्या तोंडाकडे निरखून बघितलं. मग म्हणाली, "तुम्ही तो गेला त्याच्या आधल्या रविवारी तिकडं गेलेले का?"

भाऊंनी मान खाली घातली. "गेलो होतो. कॅमेऱ्याची वायर बघायला."

हे मला माहीत नव्हतं. त्यांच्या जबाबातही नव्हतं.

"टाकीपाशी?"

"टाकीपाशीच."

"त्याने तुम्हाला सांगितलं, वास लय मारतो."

"हो. सांगितलं."

"मग?"

भाऊ इतक्या हळू बोलले, की मला पुढे वाकून ऐकावं लागलं. "यंत्र माझ्या डोक्यावरच होतं. मान वर करून त्याच्या काचेवर बघितलं असतं तर खरा आकडा दिसला असता. मी मोबाइल काढला. पडद्यावरचं मोबाइलवरही दिसतं. त्यात दोन होतं. मी त्याला दाखवलं, म्हटलं, बघ, दोन आहे, काही नाही."

यंत्राच्या पोटातून काढलेल्या कागदावर रविवारचा आकडा अठ्ठावीस आहे. तो कागद मी कितीदा वाचला होता.

चिमाबाईने पाण्याचा तांब्या उचलला, बाजेखाली ठेवला. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. "घरी येऊन सांगितलं त्याने मला," ती म्हणाली. "मंगळवारी तो जायला नको म्हणत व्हता. डोकं दुखतं, वासानं कसंतरी व्हतं, म्हणाला. मीच बोलले, ऑफिसचा मोठा मानूस येऊन बघून गेला ना, मग कशाला भ्यायचं, जा."